आसामातली छाटणी आणि आमचा पेटवलेला पाला

सड्यावरचा
शनिवार, रात्री ९:४०

पुतणीच्या बाळाच्या बारशाला डिसेंबरात जोरहाटला जाऊन आलो. जावई तिकडे चहाच्या बागानात नोकरीला. मी राजापूर तालुक्यातला, सड्यावर तीन एकर काजू आणि घराजवळ हापूसची थोडी कलमं. चहाशी संबंध दिवसातून चार वेळा पिण्यापुरता.

बारसं झाल्यावर तिथे दुसरं काय करणार? जावयाबरोबर मळ्यात फिरलो. डिसेंबर-जानेवारीत तिकडे झाड झोपलेलं असतं, तेव्हा छाटणी होते. तिकडे छाटणीलाच 'कलम' म्हणतात, त्यामुळे पहिला अर्धा तास माझा आणि त्यांचा संवाद म्हणजे नुसता घोटाळा. असो. माणसं कंबरेइतकी झुडपं सपासप कापत होती आणि कापलेलं सगळं, पानं, काटक्या, तिथेच ओळींमध्ये पडत होतं. घोटाभर थर. मी विचारलं, हे गोळा करून पेटवता कधी? जावई हसला नाही, पण त्याच्याबरोबरचा म्हातारा सरदार, म्हणजे तिकडचा मुकादम, हसला.

मग जावयाने हिशेब मांडला. आंब्याचं आपण फळ नेतो. चहाचं ते पानच नेतात, तेही 'दोन पानं आणि एक कळी', म्हणजे झाडाचं सगळ्यात कोवळं आणि नत्राने भरलेलं अंग. तयार चहात साधारण चार टक्के नत्र असतं. हेक्टरी दोन हजार किलो चहा निघाला तर ऐंशी किलो नत्र वर्षाला ट्रकात बसून गेलं. साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो, म्हणजे नऊ टन पान खुडलं. आणि हे दरवर्षी, त्याच झुडपावरून, पन्नास-साठ वर्षं. मग छाटणीतलं जे आहे ते तरी जमिनीला परत नको का? दर तीन-चार वर्षांनी झुडूप खाली कापतात, आणि तो पाला म्हणजे मातीची त्या चक्रातली मोठी मिळकत.

हे सगळं ऐकून घरी आलो. संध्याकाळी बागेत गेलो तर काजूखालचा पाला नीट गोळा करून पेटवलेला. गड्याची चूक नाही. जाताना मीच सांगून गेलो होतो.

तुम्ही कलमांखालचा पाला काय करता? खरं खरं सांगा.

---

गवतीचहा
शनिवार, रात्री १०:०२

आधी खुर्ची पकडली. आमच्या परड्यातही चहाची लागवड आहे, आयडी बघा. खत शून्य, छाटणी रोज सकाळी, आणि माती सदाबहार.

सिरियस प्रश्न: आंबोलीत चहा का लावत नाहीत? उंची आहे, धुकं आहे, पाऊस तर विचारू नका, आणि शाळेत शिकलो त्याप्रमाणे चहाला आम्लधर्मी माती लागते, ती आपल्याकडे जांभ्यात आहेच.

---

कुन्नूरकरीण
शनिवार, रात्री ११:१५

माहेर देवगड, गेली अकरा वर्षं निलगिरीत. नवरा चहाच्या कारखान्यात आहे, आमचं घर मळ्यालाच लागून.

सड्यावरचा दादा, तुम्ही बघितलंत ते चांगल्या बागानातलं. सगळीकडे तसं नसतं. आमच्या बाजूला छोटे शेतकरी फार, एक-दोन एकरवाले. त्यांच्याकडे छाटणी झाली की दुसऱ्या दिवशी काटक्यांच्या मोळ्या बांधून डोक्यावरून चुलीसाठी जातात. ज्या बाईच्या घरात गॅसची टाकी परवडत नाही तिला सेंद्रिय कर्बाचं व्याख्यान कोण देणार? मोठ्या मळ्यातही मजूर जळण नेतात, आणि साहेब बघून न बघितल्यासारखं करतात.

आता पान हाताने खुडायला माणसं मिळत नाहीत म्हणून कात्रीने, मशीनने कापणं वाढलंय. त्यात पान जास्त जातं, जाडं पानही जातं. म्हणजे तुम्ही मांडलेला हिशेब आणखी वाईट.

आणि चहाचे ते हिरवे गालिचे. पर्यटक फोटो काढतात, मलाही पहिल्या वर्षी भुरळ पडली होती. त्या उतारांवर आधी शोला जंगल, म्हणजे डोंगरखोऱ्यातलं सदाहरित रान, आणि गवताळ कुरणं होती. आता मैलोन्मैल एकच झाड आणि मध्ये मध्ये सिल्व्हर ओक, तोही ऑस्ट्रेलियातून आलेला. नवीन लागवडीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जमीन उघडी असते, तेव्हा उतारावरची माती पावसात कशी जाते ते मी घराच्या खिडकीतून बघितलंय. ओढ्याचं पाणी आठवडाभर चहाच्याच रंगाचं. झुडपं एकमेकांना भिडली की मग माती धरली जाते, ते मात्र खरं.

---

आम्लपित्त
रविवार, सकाळी ७:३०

माती तपासणं हा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे राहवलं नाही.

गवतीचहा, तुमच्या प्रश्नात अर्धं उत्तर बरोबर आहे. चहाला मातीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेचार ते साडेपाच लागतो. बहुतेक पिकं जिथे मान टाकतात तिथे हे झाड खूश असतं. आम्ल मातीत अॅल्युमिनियम विरघळतं आणि इतर झाडांच्या मुळांना जाळतं. चहा ते अॅल्युमिनियम शोषून जुन्या पानांत साठवून ठेवतो. पण माती जुळली म्हणून पीक जुळत नाही. चहाला पाऊस वर्षभर वाटून लागतो. आसामात मार्चपासून वळवाच्या सरी येतात, निलगिरीला दोन्ही मोसमी वारे मिळतात. आंबोलीत सात हजार मिलिमीटर पडतो, पण चार महिन्यांत. मग ऑक्टोबर ते मे कोरडं. पावसाळ्यात मुळं बुडणार आणि उन्हाळ्यात करपणार. चहाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, आसामातल्या सपाट बागानांत जिकडेतिकडे खोल चर खणलेले असतात ते त्यासाठीच.

आता मूळ धाग्याबद्दल. चहाच्या मातीचं खरं दुखणं कुन्नूरकरीण ताईंनी सांगितलं त्याच्याही खाली आहे. पान नेलं म्हणून नत्र द्यावं लागतं. ते अमोनियम सल्फेट किंवा युरियातून येतं. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल सुटतं. वर्षानुवर्षं हे चाललं की साडेचारची माती चारच्या खाली जाते, आणि तिथे चहाचंसुद्धा जमत नाही. सामू पाचाचा चार झाला तर 'एकाने कमी झाला' असं वाटतं, पण ती दहापट आम्लता असते. म्हणून दक्षिणेत छाटणीच्या वर्षी डोलोमाइट टाकायची पद्धत आहे. आम्ल आवडणाऱ्या झाडाला चुना घालावा लागतो!

आपल्या जांभ्याचं दुखणं वेगळं. लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर, त्यामुळे स्फुरद (फॉस्फरस) टाकला की माती तो घट्ट धरून बसते, झाडाला देत नाही. खतवाला म्हणतो आणखी टाका. त्यापेक्षा सेंद्रिय पदार्थ वाढले तर स्फुरद थोडा मोकळा राहतो. महागड्या विद्राव्य खताऐवजी रॉक फॉस्फेट आम्ल मातीत हळूहळू चांगलं लागू पडतं. चहावालेही तेच वापरतात.

पाला जाळला की काय होतं? नत्र, गंधक आणि कर्ब हवेत. राखेत पालाश (पोटॅश) आणि चुना उरतो, तो जूनच्या पहिल्या दोन पावसांत वाशिष्ठीत किंवा अर्जुनेत, तुमची जी नदी असेल तिच्यात.

---

खाचरातला
रविवार, सकाळी ९:१०

हे 'जाळू नका'वाले लोक बघितले की मला आमच्या आजीची आठवण येते. ती विचारायची, "तू तरवा कधी काढलायस का?"

तरवा म्हणजे भाताची रोपं, आणि ती वाढवायची जमीन आधी भाजतात तो राब. राब भाजतात ते हौस म्हणून नाही. आईनाची कवळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, तोडायची, शेण, पातेरा, वर मातीचा थर, आणि हळू धुमसू द्यायचं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते आणि तरवा सहज उपटून येतो. चार गुंठ्यांच्या राबावर एकरभर लावणी होते. तण काढायला माणसं आणा मग बोला.

---

आम्लपित्त
रविवार, सकाळी ९:३५

खाचरातला, राबाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. त्याला कारण आहे आणि ते तुम्ही बरोबर सांगितलंत. प्रश्न कवळीचा आहे. चार गुंठ्यांसाठी किती आईन बोडके होतात ते डोंगराकडे बघितलं की कळतं. आपण डोंगराची माती उचलून खाचरात आणतो, एवढं मान्य करू. पण काजूखालचा पाला जाळण्याला राबाचं नाव देऊ नका. तिथे तरवा नाही नि काही नाही.

---

कलमी
रविवार, सकाळी ११:२०

सगळं पटलं. पण इथे कोणी काजूच्या बिया वेचल्यात का हो?

मार्च ते मे बी खाली पडते. पाल्याच्या थरात पडली की सापडत नाही, सापडली तर काळी पडलेली. वेचणाऱ्या बायका सरळ सांगतात, खाली झाडून ठेवलं नसेल तर येणार नाही. त्यात फुरसं, विषारी साप. रत्नागिरीत पाल्यात हात घालायचा म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरं, वणवा. फेब्रुवारीत सड्यावर गवत वाळतं. कुणीतरी विडी टाकतो किंवा मुद्दाम पेटवतो. माझ्या बागेत घोटाभर पाला असता तर तीन वर्षांपूर्वी अख्खी बाग गेली असती. शेजारच्याची गेली. त्याच्याकडे पाला होता. आसामात डिसेंबरात धुकं असतं, तिथे थर ठेवणं सोपं आहे.

---

सड्यावरचा
रविवार, दुपारी १:०५

कलमी, हे बरं केलंत. जावयासमोर मी हेच सांगू शकलो नाही, कारण तेव्हा सुचलं नाही.

वेचणीचं खरं आहे. पण त्यासाठी जाळलंच पाहिजे असं नाही ना? झाडून बाजूला घेता येईल. जावयाच्या मळ्यात उतारावर दोन ओळींच्या मध्ये आडवे चर होते, त्यात छाटणीचा पाला ढकलायचे. पाऊस पडला की वरून आलेली माती त्यातच अडते. आपल्याकडे झाडाच्या वरच्या अंगाला, पसाऱ्याच्या कडेने, अर्धचंद्र चर काढला तर? पाला त्यात, वर माती. वणव्याला काय मिळणार?

---

भरडावरचो
रविवार, दुपारी ३:५०

माझ्या आज्याच्या टायमार भरडार पयल्या वर्सा नाचणो, दुसऱ्या वर्सा वरी, मगे तीळ, आणि मगे चार-पाच वर्सां पड. जमीन निजता, तेका उठवूचा नाय, असा आजो म्हणायचो. आता पड कोण टाकता? जाग्याक भाव इलो, भरडार प्लॉट पडले!

---

कुन्नूरकरीण
रविवार, दुपारी ४:३०

भरडावरचो, तुमच्या आजोबांची पड चहावाल्यांनाही करावी लागते, फक्त त्यांनी तिला मोठं नाव दिलंय. जुनी झुडपं उपटून लगेच नवी लावली तर ती धरत नाहीत. माती दमलेली, मुळांचे रोग आणि सूत्रकृमी आतच बसलेले. म्हणून मधे दीड-दोन वर्षं ग्वाटेमाला गवत लावतात. पुरुषभर वाढतं, कापायचं आणि तिथेच पसरायचं, परत कापायचं. मग नवा चहा. ती दोन वर्षं उत्पन्न शून्य, मजुरी चालू. म्हणून बरेच मालक टाळतात आणि ऐंशी वर्षांच्या झुडपांनाच आणखी खत पाजत राहतात.

---

बिनसाखरेचा
रविवार, संध्याकाळी ६:१५

मग सरळ सगळं सेंद्रिय का नाही करत? सिक्कीमने केलं की.

---

आम्लपित्त
रविवार, रात्री ८:२०

सिक्कीमने २००३ मध्ये ठरवलं आणि २०१६ मध्ये 'संपूर्ण सेंद्रिय राज्य' म्हणून जाहीर झालं. तेरा वर्षं. तिथला सरकारी चहामळा, टेमीचा, हळूहळू बदलला.

श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली. चहावाल्यांकडे पर्यायी खत नव्हतं, कंपोस्ट करायला वेळ नव्हता, आणि वर सांगितलेलं ऐंशी किलो नत्र पानाबरोबर निघून जातच होतं. ओरड इतकी झाली की वर्ष संपायच्या आत बंदी मागे घ्यावी लागली. तोवर खत महाग झालं होतं, पुढच्या वर्षी देशाच्या तिजोरीतच खडखडाट, आणि चहाचं उत्पादन चांगलंच घसरलं.

माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी येतो, "युट्यूबवर बघितलं, उद्यापासून सगळं बंद करून जीवामृतच टाकणार". मी त्याला आधी माती आणायला सांगतो.

---

ढेकण्याग्रस्त
रविवार, रात्री ९:०५

थोडं अवांतर, पण चहाशी आपलं एक नातं कुणी सांगितलंच नाही. आपल्या काजूवरचा ढेकण्या म्हणजे इंग्रजीत 'टी मॉस्किटो बग'. चहाचा डास! चहावर त्याची एक जात, काजूवर त्याचीच चुलत बहीण. कोवळ्या पालवीत सोंड खुपसते, मोहोर काळा पडतो.

चहावाले त्याच्यासाठी फवारतात, आपण पालवीला, मोहोराला आणि फळ धरताना फवारतो. फवारलेलं सगळं शेवटी मातीत. आमच्या बागेत ओंबील होती, पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. चावतात भयंकर, वेचणाऱ्या शिव्या घालायच्या, म्हणून वडिलांनी पावडर टाकून संपवली. नंतर कळलं की ती ढेकण्या खाते. आता तिन्ही फवारण्यांचं बिल मीच भरतो.

---

कलमी
रविवार, रात्री ९:४०

+१. आणि फवाऱ्याबरोबरच हापूसच्या बुंध्यात ओततो त्या पॅक्लोब्युट्राझोलचंही बोला कुणीतरी. दरवर्षी मोहोर हवा म्हणून ओततो, ते मातीत बराच काळ राहतं, मग झाडाची पालवी आखडते, आणि आपण म्हणतो झाड थकलं. आमचा दुकानदार मात्रा सांगताना झाडाचा पसारा विचारत नाही, खिशाचा विचारतो.

---

खाचरातला
सोमवार, सकाळी ८:१५

रात्री विचार केला. राब सोडणार नाही. पण बांधावर गिरिपुष्प लावून बघतो. आईन तोडायला डोंगरावर जायचा त्रास तरी वाचेल, गुडघे गेलेत.

---

आम्लपित्त
सोमवार, सकाळी ८:४०

उत्तम! गिरिपुष्पाचा पाला लवकर कुजतो आणि त्यात नत्र चांगलं असतं. चिखलणीच्या आधी खाचरात कापून टाका. मेच्या शेवटी पावसाआधी खुंट लावा, फांदी अंगठ्याएवढी जाड असावी.

ज्यांना माती तपासायची आहे त्यांनी: पाला बाजूला सारा, बागेत झाडाच्या पसाऱ्याखाली आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या, कडेची चकती काढा, सगळं मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन फेका, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. खत टाकल्यावर लगेच नको, उकिरड्याजवळ नको. सड्यावरचा, तुमची पेटवलेली जागा वेगळी आणि न पेटवलेली वेगळी पिशवी.

---

बिनसाखरेचा
सोमवार, सकाळी ९:००

माझं माती आरोग्य कार्ड आलं होतं. त्यावर शेजाऱ्याचा गट नंबर आणि माझं नाव. शेजारी म्हणाला, "बघू, माझी माती कशी आहे?" तिथपर्यंतच आमची तपासणी.

---

सड्यावरचा
जून, दुसरा आठवडा

धागा वर काढतोय.

फेब्रुवारीत दोन पिशव्या दिल्या. सामू न पेटवलेल्या जागी ५.२, पेटवलेल्या जागी ५.६. मी खूश झालो, म्हटलं राखेने सुधारली. आम्लपित्त यांनी फोनवर धुतलं: राखेचा चुना आहे तो, जूननंतर परत मोजा. सेंद्रिय कर्ब मात्र पेटवलेल्या बाजूला कमी निघाला. स्फुरद दोन्हीकडे कमी.

चाळीस झाडांना अर्धचंद्र चर काढले. जांभा आहे, पहारीने सुद्धा फूटभरच गेलं, काही ठिकाणी तेवढंही नाही. मजुरी इतकी झाली की बायकोने चहात साखर कमी केली. पाला चरात, वर माती, आणि वेचणीसाठी खालची जागा झाडलेली. वेचणाऱ्या बायकांनी तक्रार केली नाही, म्हणजे त्यांच्याकडून कौतुकच. एप्रिलात खालच्या वाडीतून वणवा आला, जाळरेषेपर्यंत, म्हणजे आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्यापर्यंत, येऊन थांबला.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बघायला गेलो. वरच्या बाजूने गढूळ पाणी येत होतं आणि चरात थांबत होतं. तीन चर फुटले, ते उताराला नीट आडवे आले नव्हते, माझीच चूक. पुढच्या खेपेला पाण्याची नळी लावून रेषा आखणार.

काल एका चरात हात घातला. फुरशाच्या भीतीने आधी काठी घातली, मग हात. ओलं, काळं, चांगला वास. गांडूळ अजून एकही नाही. वाळवी मात्र आहे, बरीच. आम्लपित्त, हे चालेल का? फोटो टाकतो, रेंज आली की.

---

आम्लपित्त
त्याच दिवशी, रात्री १०:१०

वाळक्या काटक्या खात असेल तर खाऊ दे, तिचंच काम आहे ते. बुंध्यापासून हातभर जागा मोकळी ठेवलीय ना? खोडावर मातीची नळी चढलेली दिसली तर मात्र लगेच पुसून काढा. फोटो खोडाचा टाका, चराचा नको.